आमच्याकडे जरा गळतंय

काही धंदे असे असतात की तुम्ही कुठेही गेलात तरी किस्से मागून येतात. आमचा त्यातलाच. लग्नात पंगतीला बसा, मंडईत पिशवी उघडून उभ्या राहा, मी छपरांची कामं करते एवढं कळलं की समोरच्याचं पुढचं वाक्य ठरलेलं: "अहो, आमच्याकडे जरा गळतंय." ‘जरा’ हा शब्द कधीच चुकत नाही. एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी हातातलं मशीन थांबवून हेच सांगितलं, आणि माझं तोंड उघडं असल्यामुळे मला ‘हं’ सोडून काही बोलता येईना. त्यांनी त्या ‘हं’चा अर्थ ‘उद्या येते’ असा घेतला.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली, लग्न होऊन वाशीत आलेली. माझा पार्टनर दिनेश म्हात्रे ऐरोलीकडच्या एका गावठाणातला, म्हणजे नवी मुंबई व्हायच्या आधीपासूनचा. आमचं काम एकच. छप्पर तपासायचं, हे दुरुस्त होईल की बदलावंच लागेल ते सांगायचं, आणि मग ते करून द्यायचं. लोकांना वाटतं त्यात काय एवढं. पण गंमत अशी की बहुतेकांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. आम्ही फक्त शिडीवर चढून त्यांच्या मनातलं वाक्य मोठ्याने म्हणावं, एवढीच अपेक्षा असते. आम्ही ते म्हणत नाही. म्हणून किस्से होतात.

*

वाशीच्या जुन्या रो-हाऊसमधल्या साने काकूंचा फोन आला तो भर पावसाळ्यात. म्हणाल्या, "आमचा मनीप्लांट सुकलाय. येऊन बघता का?"

मला वाटलं राँग नंबर. मी सांगितलं की आम्ही छपरांची कामं करतो. तर म्हणाल्या, माहितीये, म्हणूनच तुम्हाला केला.

गेलो दोघं. साने काकांची हॉलच्या कोपऱ्यातल्या गळतीशी बरीच वर्षं कुस्ती खेळून झाली होती. सिमेंट भरून झालं, डांबर फासून झालं, काय काय लावून झालं. शेवटी कंटाळून त्यांनी गळतीच्या बरोबर खाली कुंडी ठेवली आणि त्यात मनीप्लांट लावला. तो असा माजला की पडद्याच्या दांडीपर्यंत चढला. आल्यागेल्याला काका कौतुकाने सांगायचे की पावसाळाभर याला पाणी घालावं लागत नाही.

आणि या वर्षी बाहेर पाऊस धो धो कोसळत असताना वेलाने मान टाकली होती.

दिनेशने वर पाहिलं. कोपरा कोरडा ठणठणीत. पण एक ओली रेघ छताखालून टीव्हीच्या दिशेने सरकत गेली होती, आणि दुसरी स्वयंपाकघरात उतरली होती. काका खुशीत होते. म्हणाले, म्हणजे जुनी गळती आपोआप बंद झाली ना?

काकूंना मात्र बरोबर समजलं होतं. गळती एका जागी आहे तोवर ती जखम असते, भरता येते. ती जागा बदलायला लागली, आज इथे उद्या तिथे, की समजायचं हे म्हातारपण आहे. वर चढून दिनेशने सिमेंटच्या पत्र्याची कड अंगठ्याने दाबली, तर चहात बुडवलेल्या खारीसारखी हातात आली. त्यानंतर काकांनी वाद घातला नाही. त्या पत्र्यांची धूळ फुफ्फुसांना वाईट, म्हणून पावसाने उघडीप दिल्यावर सगळ्यांनी तोंडाला मास्क बांधून ते पत्रे अलगद, न फोडता उतरवले आणि नवीन छप्पर घातलं.

पुढच्या पावसाळ्यात मी मुद्दाम फोन करून विचारलं, कसं काय आहे. काकू म्हणाल्या, "थेंब नाही हो. पण मनीप्लांटला रोज पाणी घालायचं काम आता ह्यांच्याकडे आलंय, त्यामुळे तुमच्यावर जरा नाराज आहेत."

*

दिघ्याला संगीताताई राहतात. एका कारखान्यात पॅकिंगला जातात. त्यांचे मिस्टर भानुदास रिक्षा चालवतात. चढावरच्या गल्लीत पत्र्याचं घर, वर निळी ताडपत्री, ताडपत्री उडू नये म्हणून जुने टायर. संगीताताईंची तक्रार गळतीची नव्हतीच. त्यांचं म्हणणं, घराचं दार लागत नाही. सुताराने दोनदा वरची कड तासून दिली, तरी पुन्हा अडकतं. मुली घरी एकट्या असतात, दाराला कडी लागत नाही, म्हणून त्यांचं अर्धं लक्ष कारखान्यात आणि अर्धं घरी.

आता दाराचं आमच्याकडे काय काम? पण दिनेश दाराकडे बघतच नव्हता. तो दाराच्या वर बघत होता. चौकट मधोमध खाली वाकली होती.

भानुदासना विचारलं, छपराची डागडुजी शेवटची कधी केली? त्यांना ते लागलंच. म्हणाले, आमी डागडुजी करणारी माणसं नाय. पत्रा खराब झाला की सरळ नवीन टाकतो. आम्हाला बरं वाटलं. असं बोलणारा माणूस या धंद्यात क्वचित भेटतो.

दिनेशने टायर उतरवले, ताडपत्री काढली. खाली चांगला पत्रा. तो काढला. त्याच्याखाली जुना पत्रा. तो काढला. त्याच्याखाली आणखी जुना, गंजून चाळणी झालेला. आणि सगळ्यात खाली जे होतं त्याला पत्रा म्हणावं की तपकिरी भुगा, हा प्रश्नच होता. एवढं सगळं वजन चार बारीक खांबांवर आणि त्या दाराच्या चौकटीवर बसलं होतं.

मी भानुदासना विचारलं, "हे काय?"

ते शांतपणे म्हणाले, "नवीनच टाकलं ना मॅडम प्रत्येक वेळी. फक्त जुनं काढलं नाय."

आम्ही सगळं उतरवलं. खांब बदलले, लोखंडी अँगल टाकले, त्यावर एकच पत्रा, पण नीट उताराचा. वजन गेलं तशी चौकट पण सरळ करून घेतली. संध्याकाळी संगीताताई कामावरून आल्या आणि त्यांनी आधी वर पाहिलंच नाही. दार लावलं, कडी घातली, कडी काढली, पुन्हा घातली. आतून आवाज येत राहिला. मग दार उघडून म्हणाल्या, कडी झकास लागतेय, पण आता दाराच्या वर एवढी मोठी फट कशी काय राहिली?

दिनेश म्हणाला, "ताई, ती सुताराने केलीय."

*

सगळेच छप्पर वाचवायला बघतात असं नाही. खांदेश्वरच्या एका साहेबांना ते काहीही करून पाडायचंच होतं. नाव सांगत नाही, आपण त्यांना देशपांडे म्हणू. त्यांच्या शेजाऱ्याने नुकतंच घराचं सगळं छप्पर बदलून घेतलं होतं. चकचकीत, लाल, लांबून दिसणारं. तेव्हापासून देशपांड्यांच्या छपरात त्यांना रोज नवीन दोष दिसायला लागला होता. आणि एक दिवस खरंच भिंतीवर ओल आली. त्यांनी इतक्या उत्साहाने फोन केला की मला वाटलं घरात बारसं आहे.

आम्ही वर चढलो. कौलं ठणठणीत. वासे सागाचे, स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर टोक आत जाईना. दोन उतार जिथे मिळतात तिथली पन्हळ मात्र कबुतरांनी काड्या, पिसं आणि कुठूनतरी पळवलेल्या झाडूच्या हिरांनी गच्च भरून टाकली होती. पाणी पुढे जायला वाट नाही, म्हणून ते मागे चढून भिंतीत उतरत होतं. दिनेशने पन्हळ साफ केली, दोन तडकलेली कौलं बदलली, वर जाळी ठोकली. संपलं काम.

खाली येऊन सांगितलं तर देशपांडे हिरमुसले. म्हणाले, तुम्ही नीट बघितलं नसेल. मी म्हटलं, बघितलं. दिनेश म्हणाला, अजून एक पिढी जाईल आरामात. त्यांचा विश्वास बसेना. एकाच वेळी बांधलेली घरं, शेजाऱ्याचं सगळं खराब आणि आमचं चांगलं, असं कसं होईल? त्यांनी आमच्यासमोरच दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरला फोन लावून बोलावून घेतलं. तो भला माणूस निघाला. वर जाऊन आला आणि म्हणाला, ही पन्हळ ज्यांनी साफ केली त्यांनी बरोबर केलंय.

देशपांडे सोफ्यावर बसून राहिले. त्यांच्या मिसेस चहा घेऊन आल्या. आमच्या हातात कप देत म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी सांगतंय की या घरातलं काहीतरी धड आहे. ह्यांना ते पचायला वेळ लागेल."

*

सोसायटीच्या गच्चीचं प्रकरण वेगळं असतं. तिथे छप्पर एकाचं नसतं आणि गळती मात्र एकाचीच असते. एका चार मजली सोसायटीत वरच्या मजल्यावर जोशी मॅडम राहायच्या. शाळेतून रिटायर झालेल्या, आवाज अजून वर्गातला. त्यांच्या छताचे पोपडे पडत होते. आणि दर वर्षी कमिटी गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा आणखी एक थर चढवून मोकळी होत होती. चेअरमन तळमजल्यावर. त्यांच्याकडे गळायचा प्रश्नच नव्हता.

आम्हाला रिपोर्ट द्यायला बोलावलं. आमचं मत स्पष्ट होतं. वर्षानुवर्षांच्या थरांचं ओझं त्या स्लॅबवर बसलंय, आतली सळई फुगलीय, आता वरून काहीही लावून उपयोग नाही. सगळे थर काढा आणि जिथे सळई गेलीय तो भाग तोडून नवा भरा. चेअरमन म्हणाले, यंदा एक थर देऊ, पुढच्या वर्षी बघू.

जोशी मॅडम भांडल्या नाहीत. त्यांनी फक्त पुढची मीटिंग आपल्या घरी ठेवायला सांगितली. पोहे केले होते. सगळी कमिटी त्यांच्या हॉलमध्ये बसली. मॅडमनी विनंती केली की दिनेशने तेवढ्यात छत ठोकून दाखवावं, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल. दिनेश स्टुलावर चढला आणि छोट्या हातोडीने ठोकायला लागला. चांगल्या स्लॅबचा आवाज टणक येतो. इथे सगळीकडे भद, भद. त्याने सेंटर टेबलाजवळच्यांना मागे सरकायला लावलं. ते सरकले, पण पोहे सोडून.

सेक्रेटरी पेन घेऊन तयार होते. त्यांनी विचारलं, ठरावाला सूचक कोण?

जोशी मॅडम म्हणाल्या, मी.

अनुमोदक कोण, असं त्यांनी विचारलं. सगळे चेअरमनकडे बघत होते. तेवढ्यात वरून ताटाएवढा प्लॅस्टरचा तुकडा सुटला आणि सेंटर टेबलावर आदळला. कुणाला लागलं नाही. धूळ खाली बसली. सळया उघड्या पडल्या होत्या, गंजून बोटाएवढ्या जाड झालेल्या.

चेअरमननी चष्मा पुसला, वर बघितलं, आणि सेक्रेटरींना म्हणाले, "लिहा. अनुमोदक, छत."

*

नेरुळचा किस्सा मी कमी लोकांना सांगते. कॅनडाहून एका मुलाचा फोन आला. त्याचे आईवडील नेरुळला घरात दोघंच. तो म्हणाला, तिथे जाऊन या. ते सांगतील काही गळत नाही. विश्वास ठेवू नका.

मी विचारलं, तुम्हाला तिथे बसून कसं कळलं? तो म्हणाला, मी दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो. आधी ते हॉलमध्ये सोफ्यावर बसून बोलायचे. मग जेवणाच्या टेबलाशी बसायला लागले. मग पॅसेजमध्ये. गेल्या पावसाळ्यापासून दोघं स्वयंपाकघराच्या दारात खुर्च्या लावून बसतात, आणि फोन जरासा हलवा म्हटलं की नेटवर्क जातं.

आम्ही गेलो. वडील बँकेतून रिटायर झालेले, अगदी टापटीप. चहा दिला, स्वयंपाकघराच्या दारातच. म्हणाले, काही गळत नाही, मुलाला उगाच टेन्शन घ्यायची सवय आहे. मी हॉलचं बंद दार बघून विचारलं, आत जाऊ का? वडील म्हणाले, तिकडे पसारा आहे. मग आईच उठल्या आणि त्यांनी दार उघडलं.

आत बादल्या, पातेली, भिंतींना काळी बुरशी. सोफा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उभा केलेला. दिनेश पोटमाळ्यावर चढला आणि छपराच्या कैच्या, म्हणजे तो लाकडी त्रिकोणी सांगाडा, हाताने चाचपून आला. दोन कैच्यांचे पाय कुजून भिंतीपासून सुटले होते. खाली येऊन त्याने वडिलांना एवढंच सांगितलं की काका, या खोलीत आता बादली ठेवायलाही जाऊ नका.

वडील खुर्चीत बसले. म्हणाले, त्याला सांगितलं असतं तर तो सगळं सोडून आला असता. त्याचं तिथे आत्ता कुठे बस्तान बसतंय.

काम मोठं झालं. तेवढे दिवस दोघांना समोरच्या घरात हलवलं. लाकूड गेलं, लोखंडी कैच्या आल्या, नवी कौलं आली, भिंती रंगल्या. पूर्ण झालं त्या रविवारी त्यांनी आम्हालाही बोलावलं होतं. दोघं सोफ्यावर बसले आणि त्यांनी कॉल लावला. मुलगा पडद्यावर आला, बघत राहिला. मग म्हणाला, बाबा, फोन जरा फिरवा ना.

वडिलांनी फोन सावकाश सगळ्या हॉलभर फिरवला. भिंत, खिडकी, छत, पुन्हा खिडकी.

आई म्हणाल्या, "बघ. नेटवर्क आलं."

*

दिनेशचे वडील मात्र कुणाचंच ऐकत नव्हते. म्हणजे दिनेशचं. गावठाणात दिनेशची स्वतःची बिल्डिंग आहे, आणि तिच्या शेजारीच आईवडिलांचं जुनं कौलारू घर. काकांनी आयुष्यभर शेती केली, पुढे जमीन गेली, पण मेमध्ये कौलं परतायचं काम त्यांनी कुणाला दिलं नाही. स्वतः वर चढायचे, फुटकं कौल काढायचे, नवं बसवायचे. दिनेश खाली अंगणात उभा राहून ओरडायचा की उतरा आता, हे छप्पर संपलंय, बदलू या. ते वरून म्हणायचे, तुजा छप्पर तू बग. गावात लोक दिनेशला चिडवायचे की सगळ्या शहराची छपरं बदलतो आणि बापाचं बदलता येत नाही.

एका रविवारी दिनेशने मला जेवायला बोलावलं. मी अंगणात पाऊल टाकलं तर काका ओट्यावरच बसले होते. त्यांनी विचारलं, जेवायला आलीस का छप्पर बगायला?

मी म्हटलं, दोन्ही.

ते उठले, शिडी लावली आणि माझ्या आधी वर गेले. दिनेश खालून नको नको म्हणत होता. वर गेल्यावर मी स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि आढ्याच्या लाकडात टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. काकांनी बघितलं. त्यांनी माझ्या हातातून तो घेतला, पलीकडे सरकून स्वतः टोचून बघितलं. तिथेही मुठीपर्यंत. मग एका वाशात. वाळवीने लाकडाचं नुसतं साल शिल्लक ठेवलं होतं. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर पुसून मला परत दिला आणि म्हणाले, मंग बोल.

मी सांगितलं, "काका, हे दुरुस्तीच्या पलीकडे गेलंय. कौलं चांगली आहेत, ती पुन्हा वापरू. पण लाकूड सगळं काढावं लागेल. आणि तुम्ही आता यावर चढायचं नाही."

ते म्हणाले, दिनेश तीन वरसा हाच बोलतंय.

मी विचारलं, मग ऐकलं का नाहीत?

ते अंगणात उभ्या असलेल्या दिनेशकडे बघत म्हणाले, "तो खालून बोलायचा."

मी हे खाली येऊन दिनेशला सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. गावठाणातली घरं एकमेकांना चिकटून असतात, आणि काकांचा आवाज शेतावरचा आहे.

कामाच्या दिवशी माणसं आली तेव्हा दिनेशने त्यांना थांबवलं आणि स्वतः शिडी चढला. काकाही पाठोपाठ. मी दोघांच्या कमरेला दोर बांधून घेतले, भिंतीच्या माथ्यावर फळ्या टाकल्या. बापलेक एकेका बाजूने कौलं उतरवत आढ्याकडे गेले. एक काढायचा, दुसरा खाली द्यायचा. दुपारपर्यंत अर्धं घर उघडं पडलं. स्वयंपाकघरावर तर आकाशच आलं होतं. तिथे काकी, दिनेशची आई, डोक्यावर पदर घेऊन तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या.

जेवायला हाक मारली तर दोघं उतरेनात. काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, आता उतरलो तर पुन्ना चढवनार नाय ही. मग काकींनी ताटं वाढली, मी स्टुलावर चढले आणि उघड्या वाशांमधून एकेक ताट वर दिलं. दोघं भिंतीच्या माथ्यावर फळीवर शेजारी शेजारी बसून जेवायला लागले.

मी हात धुवायला मागच्या नळावर गेले. तिथे वरून काकांचा आवाज आला, पण कधी नव्हे तो इतका हलका की शब्द कळले नाहीत. परत आले तर काकी चुलीपुढे तशाच बसल्या होत्या. हात अर्धवट थापलेल्या भाकरीवर थांबलेला, आणि तव्यावरची भाकरी एका बाजूने करपून धूर निघत होता. वर बघितलं. काका मान खाली घालून जेवत होते. दिनेश जेवत नव्हता. तो पलीकडे, खाडीच्या बाजूला तोंड करून बसला होता.

मी हळूच विचारलं, "काकी, काय म्हणाले काका?"

काकींनी भाकरी उलटली.

"काय नाय," म्हणाल्या. "कालवनाला मीठ बरोबर हाय बोलला."